गुलाबी काँक्रीट

मी इमारतींचे फोटो काढते. परभणीत हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "अन् लग्नाची ऑर्डर घेता का?" घेते ना! लग्नांवरच घर चालतं. त्यातून सवड मिळाली की मी जुन्या काँक्रीटच्या इमारतींमागे हिंडते. बसस्टँड, पाण्याच्या टाक्या, मोंढ्यातल्या धान्यबाजाराच्या शेड. देवळांवर जीव टाकणारे पुष्कळ आहेत, या बिचाऱ्यांना कुणी वाली नाही.

आमच्या गल्लीत एक निवृत्त इंजिनिअर काका राहतात. नोकरीभर त्यांनी वरून आलेल्या नकाशाबरहुकूम बांधकामं केली. तरुणपणी एकदाच स्वतःच्या मनाने एक शाळा आखली, चारठाण्याच्या अलीकडच्या एका खेड्यात. दुमडलेल्या कागदी पंख्यासारखं छत, ऊन अडवायला भिंतीबाहेर काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या, आणि गिलावा नाही की रंग नाही. या शाळेवर मी काकांना कितीदा तरी व्याख्यान झोडलं असेल. काँक्रीट उघडं ठेवायला छाती लागते, इमारतीने खोटा साज चढवू नये, वगैरे. काका मान डोलवत ऐकायचे आणि मला आणखी चहा द्यायचे.

गेल्या उन्हाळ्यात कळलं की ती शाळा पाडून नवी बांधणार आहेत. काकांच्या खुब्याचं हाड मोडलेलं, इतक्या लांब गाडीत बसणं शक्यच नव्हतं.

"माझ्या मनासारखं तेवढं एकच काम झालं बघ," ते म्हणाले. "पडायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघायची होती."

त्यांचा चेहरा बघून मला भरून आलं. "मी दाखवते तुम्हाला," मी म्हटलं, आणि तिथल्या सरपंचबाईंना फोन केला की शाळेचा शेवटचा फोटो काढायला येते आहे. तेवढाच शहाणपणा नडला.

सकाळी ऊन तिरपं असताना त्या पट्ट्यांच्या सावल्या भिंतीवर सुरेख पडतात, म्हणून लवकर निघाले. शाळेसमोर स्कूटर उभी केली आणि कपाळावर हातच मारला. शाळा गुलाबी होती. वरपासून खालपर्यंत गुलाबी, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, पायरीवर रांगोळी.

"कशी दिसायलीय?" सरपंचबाईंनी विचारलं. त्यांच्या कोपरापर्यंत रंग लागला होता.

"अहो, पाडायचीय ना ही? मग रंग कशाला?"

"पाडायलेत म्हणूनच की! आता फोटोतच राहणार हाय ती. आमी हितंच शिकलो, आमची लेकरंबी हितंच शिकली. अशी उघडी कशी उभी करावी फोटोला? लग्नाच्या घरांतून उरलेला रंग गोळा केला. लय राबलं बघा गाव."

राग तर असा आला होता, पण समोर पोह्यांची बशी आणि सगळ्यांचे कौतुकाने फुललेले चेहरे. रागवायचं कुणावर? मी निमूटपणे कृष्णधवल फोटो काढले. गुलाबीचा करडा झाला, सावल्या होत्या तशाच राहिल्या. जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आता आमचा काढा," आणि अख्खं गाव शाळेपुढे येऊन उभं राहिलं. इमारतीच्या फोटोत माणूस नसतो, हा माझा नेम. तो मोडून मोबाइलवर एक रंगीत फोटो काढला, तोही तोंड वाकडं करून.

संध्याकाळी काकांसमोर कृष्णधवल फोटो मांडले. त्यांनी ते पुन्हा पुन्हा पाहिले. "छान आलेत," म्हणाले, पण आवाजात काही जोर नव्हता. मग मी गावाची तक्रार करायला म्हणून मोबाइल पुढे केला. "बघा काय करून ठेवलंय!"

काकांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि हसायलाच लागले. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले.

"मी नकाशावर गुलाबीच लिहिला होता गं. गिलाव्याला अन् रंगाला मंजुरीच आली नाही."

"मग इतकी वर्षं मला बोलू का दिलंत?"

"तू लय छान बोलायचीस. कशाला मोडता घालायचा?"

शाळा आता पाडली आहे. काकांच्या पलंगासमोर तो मोबाइलवरचा फोटो मोठा करून लावलाय. क्षितिज तिरकं, कडेला एकाचं डोकं अर्धं कापलेलं. इतका वाईट फोटो मी उभ्या आयुष्यात काढला नाही. कुणी भेटायला आलं की काका त्या फोटोकडे बोट दाखवतात.

"ही माझी शाळा. पुरी झाली, त्या दिवशी काढलेला फोटो आहे."