केंद्र दळणाला गेलंय

नाना शिंकण्यापूर्वी "श्रोतेहो, क्षमस्व" म्हणायचे. खोलीत कुणी नसायचं, पण नानांच्या मते श्रोते सर्वत्र होते. जकात नाक्यावर कारकुनी करून ते निवृत्त झालेले. तरुणपणी रेडिओच्या आवाजचाचणीत नापास झाले होते आणि तो राग त्यांनी पेन्शनीपर्यंत नीट जपून ठेवला होता. पुढे घरबसल्या इंटरनेट रेडिओ चालवायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर त्यांना सापडलं. पुढच्या खोलीत त्यांनी स्टेशन थाटलं आणि केंद्र संचालक म्हणून स्वतःची बिनविरोध निवड केली. तेव्हापासून आम्ही त्यांना 'केंद्र' म्हणू लागलो. ते नाव रुळवलं मात्र त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी. दारात कुणी आलं की त्या आतूनच सांगायच्या, "केंद्र आंघोळीला गेलंय," नाहीतर, "केंद्र दळणाला गेलंय, थांबा."

दुसऱ्याची गाणी लावायची तर परवाना लागेल, असं सॉफ्टवेअरने पहिल्याच पानावर बजावलं होतं. नानांना एवढं निमित्त पुरलं. शब्द नानांचे, चाल नानांची, पेटी नानांची आणि आवाज, नाइलाजाने, तोही नानांचाच. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर त्यांनी एक भावगीत केलं होतं. ते ऐकलं की माणसाला गार पाण्याने आंघोळ करावीशी वाटे. मी वरच्या मजल्यावर राहायचो, शाळेत शिकवायचो आणि संगणकाचं मला थोडंफार कळायचं. त्यामुळे मला न विचारताच माझी मुख्य अभियंता म्हणून नेमणूक झाली होती.

स्क्रीनच्या कोपऱ्यात श्रोत्यांचा आकडा दिसायचा. कित्येक महिने तो 'एक' होता. त्या एकाशी नाना फार अदबीने वागत. आपण जेवलात का, म्हणून विचारत, चहाला उठताना त्याची परवानगी घेत. शेवटी मी शोध लावला की तो श्रोता म्हणजे स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला नानांचाच मोबाइल होता. हे सांगितल्यावर नानांनी एकदा स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, "हरकत नाही. माणूस जाणकार आहे."

केंद्राचा एकमेव शत्रू भिंतीपलीकडे होता. तिथे हनीफभाईंचा लूमचा, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांचा, कारखाना. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या भिवंडीतलंच, आणि नानांशी त्यांचं भांडणही जवळपास तितकंच जुनं. नानांनी "आता एक शांतरसातील रचना" असं म्हणावं आणि पलीकडून खटाखट सुरू व्हावी. मग माइक चालू असतानाच नाना भिंतीवर मुठी आपटून ओरडत, "हनीफ, लूम बंद कर." शुक्रवारी लूमला सुट्टी असायची, पण वीजवाल्यांना दुरुस्तीसाठी नेमका तोच वार सापडायचा. भिवंडीत शांतता आणि वीज एका वेळी मिळत नाही, असं नानांचं मत झालं होतं.

आणि तरीही आकडा वाढायला लागला. एकाचे पाच झाले, मग स्क्रीनवर दमाम, दोहा, कुवेत अशी गावं उमटू लागली. नाना इस्त्रीचा सदरा घालून माइकसमोर बसू लागले, कार्यक्रमात घरचा फोन नंबर सांगू लागले. "चाचणी घेणारे आता हयात नसतील रे," एकदा मला म्हणाले, "नाहीतर आकडा दाखवला असता." मला त्यांच्याबद्दल त्या वेळी फार माया वाटली. तोंडाने मात्र मी, ते कुंडाचं गाणं तेवढं कमी लावा, एवढंच बोललो.

इतके श्रोते आले म्हणजे दर्जा सुधारायला हवा, असं नानांनी ठरवलं. सॉफ्टवेअरमध्ये मागचा गोंगाट गाळून टाकायची सोय होती. ती त्यांनी माझ्याकडून चालू करून घेतली. लूम नाहीसे झाले आणि नानांचा निव्वळ आवाज उरला. आठवड्याभरात आकडा परत एकावर आला, आणि तो कोण हे आम्हाला ठाऊक होतं.

मग एका संध्याकाळी हनीफभाई स्वतः आले. चपला बाहेर काढून खुर्चीच्या टोकावर बसले.

"नाना, माझा भाऊ दमामवरून सारखा फोन करतोय," ते म्हणाले. "लूम का बंद पडले, भंगारात दिले काय, विचारतो. त्याच्या रूमवर आपल्या भिवंडीची पोरं हायत, सगळी तुमचं केंद्र लावून झोपतात. लूमच्या आवाजाबिगर त्यांना नींद येत न्हाय." मग जरा अडखळून त्यांनी जोडलं, "गाणी पण बरी असतात, बोलला तो."

नानांचा चेहरा उतरला. जन्मभर वाट पाहिलेले श्रोते आले होते, पण शेजारच्या कारखान्यासाठी. एरवी टोमणा हुकू न देणाऱ्या काकू उठून चहा टाकायला गेल्या. मला फार वाईट वाटलं. नाना बराच वेळ पेटीचा भाता उगाच हलवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते बटण उलटं दाबता येतं का?"

दुसऱ्या दिवशी केंद्रावरून घोषणा झाली. गायक, स्वतः केंद्र संचालक. साथीला, हनीफभाईंचे लूम. नाना लूमच्या ठेक्यावर चाली बसवायला लागले आणि खरं सांगतो, चाली सुधारल्या. भिंतीवर मुठी आपटणं काही सुटलं नाही. आता ते ओरडत, "हनीफ, लय पळतेय."

पुढे धंदा बसला. हनीफभाईंनी लूम खरोखरच भंगारात काढले आणि ते वडप्याला एका गोदामाचं काम बघू लागले. नानांनी जुने सगळे कार्यक्रम संगणकात साठवले होते. एक संपला की दुसरा आपोआप लागेल, असं मी जुळवून दिलं. ही फसवणूक नव्हे, पुनःप्रक्षेपण आहे, असं त्यांनी मला ठणकावून सांगितलं. परदेशातल्या पोरांच्या झोपेत काही फरक पडला नाही.

मग एका सकाळी नानाही गेले, झोपेतच, श्रोत्यांची क्षमा न मागता. संगणक आपला चालूच होता. दिवसकार्य आटोपल्यावर मी काकूंना विचारलं, बंद करू का? त्या गहू निवडत होत्या. राहू दे, घरात आवाज असतो, म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. दोह्याहून कुणी तरुण बोलत होता, त्याला नानांना फर्माईश सांगायची होती. काकूंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "केंद्र दळणाला गेलंय." मग त्या थांबल्या. मला वाटलं, आता खरं सांगतील. पण त्यांनी फक्त गाण्याचं नाव विचारून घेतलं. ते कुंडाचंच गाणं होतं.

मागे संगणकात लूम खटाखट चालले होते. नाना भिंत बडवत ओरडले, "हनीफ, लय पळतेय."

काकूंनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि तिकडे वळून म्हणाल्या, "हळू जरा. फोनवर आहे मी."