हवेलीतल्या बैठकीत ऐकलेलं मरण

दादा लढाईत बेपत्ता झाल्याची तार आली तेव्हा मी नववीत होते. वडिलांचं बेलापुरात शिवणकामाचं दुकान होतं. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. तार त्यांनी दुकानातच कुणाकडून तरी वाचून घेतली, मशीनवरचं पोलकं पुरं केलं आणि मग घरी आले. आईला 'बेपत्ता' म्हणजे काय ते सांगता सांगता त्यांची दमछाक झाली. "म्हंजी हाय का न्हाई?" एवढंच ती विचारत राहिली.

पुढं उन्हाळ्यात गावातला एक एस.टी. कंडक्टर आपल्या भाच्याला बघायला नगरच्या लष्करी इस्पितळात गेला होता. तिथं पाय कापलेल्या एका जवानाकडं त्यानं दादाची चौकशी केली. पलटण तीच निघाली. आडनाव ऐकल्यावर तो जवान म्हणाला, "तो माझ्याजवळच गेला." वॉर्डात धड बोलता येत नाही, घरच्यांना रविवारी घेऊन या, मी बाहेर येऊन भेटतो, असा त्यानं निरोप दिला.

निरोप ऐकून आई पोटभर रडली. तार आल्यापासून ती अशी रडलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं केस धुतले, घर सारवलं, आणि आण्णांना म्हणाली, "चला. कसा गेला ते तरी आयकू."

शनिवारी आम्ही तिघं एस.टी.नं नगरला गेलो. आण्णा ज्यांच्याकडून कापड आणायचे, त्या शेठजींनी कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत कुणा सरदाराची पडकी हवेली विकत घेऊन दुरुस्त केली होती आणि तिथं नुकतंच लॉजिंग-बोर्डिंग काढलं होतं. आमचं येण्याचं कारण कळल्यावर त्यांनी आम्हाला दुसरीकडं उतरू दिलं नाही. "मास्तर, वरची रस्त्याकडची खोली तुमची. जेवणखाणही इथंच."

मी तोवर लॉजमध्ये कधी राहिले नव्हते. दाराची कमान काळ्या दगडाची, आत चौक, चौकात कारंजं. कारंज्याला शेठजींनी नवा निळा रंग दिला होता, पण त्यात पाणी नव्हतं. नगरात तेव्हा पाण्याची ओरड होती. खोलीला एक बादली मिळायची, तीही सकाळीच. सागवानी खांबांना तेल पाजलं होतं. भिंतींना ओल्या चुन्याचा वास येत होता आणि त्या वासानं आईचं डोकं धरलं. खोलीत दोन पलंग होते, खिडकीला रंगीत काचा होत्या. दुपारी त्यातून लाल-हिरवा उजेड गादीवर पडायचा. आई पलंगावर बसली नाही. फरशीवर पदर अंथरून भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

खाली एक लग्नाचं वऱ्हाड उतरलं होतं. बायका मेंदी लावत होत्या, हसत होत्या. मला खाली जावंसं वाटत होतं, पण मी गेले नाही.

रविवारी दुपारी तो जवान शेठजींनी धाडलेल्या टांग्यातून आला. कुबड्या नव्या होत्या, त्या त्याला अजून सवयीच्या झाल्या नव्हत्या. साताऱ्याकडचा, पंचविशीचा असेल. दगडी जिना अरुंद, तो वर येऊ शकेना, म्हणून शेठजींनी खालची सरदाराची बैठक उघडून दिली. ही खोली त्यांनी सगळ्यात हौसेनं सजवली होती. चारी भिंतींना जुने मोठे आरसे, खाली पांढरीशुभ्र गादी, लोड. त्या आरशांमुळं मान कुठंही वळवली तरी आम्ही चौघंच दिसत होतो.

पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "मावशी, त्याला तरास झाला न्हाय असं मी सांगणार न्हाय. खोटं बोलवत न्हाय मला."

"खरंच सांग," आई म्हणाली.

"पोटात लागलं हुतं. उजाडल्यापासनं दुपारपतूर माझ्या मांडीवर हुता. पानी मागायचा. पोटाच्या जखमेला पानी द्यायचं नसतं म्हनत्यात, म्हनून मी दिलं न्हाय. बाटली माझ्या कमरंलाच हुती. ती त्याला दिसत हुती." त्यानं कुबडी जवळ ओढली. "आता वाटतं, द्यायला पायजे हुतं. मरायचाच हुता."

आण्णा मान खाली घालून गादीच्या शिवणीवरून बोट फिरवत होते. जवान पुढं म्हणाला, "लई उंच गडी. आमी उचलला तवा स्ट्रेचरच्या भाईर त्याचे पाय लोंबत हुते."

आण्णांचं बोट थांबलं. आमचा दादा उंच नव्हता. भरतीच्या वेळी उंचीत कसाबसा बसला होता आणि त्यावरून आम्ही त्याला चिडवायचो. आरशात मला आण्णांचा चेहरा दिसला. त्यांनी हळूच विचारलं, "पुढचा दात पडलेला हुता का त्याचा?"

"दात? न्हाय. दात चांगले हुते. हसायचा लई."

दादाचा पुढचा दात लहानपणीच विहिरीच्या काठावर पडून तुटला होता. मी आईकडं पाहिलं. तिलाही कळलं होतं. पण जवानाला यातलं काहीच उमगलं नाही, तो आता तोंड झाकून रडत होता. आई सरकत त्याच्याजवळ गेली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"पानी दिलं न्हाईस ते बराबर केलंस," ती म्हणाली. "मी असते तर मीबी दिलं नसतं. मनाला लावून घेऊ नको."

तिनं बरोबर आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी त्याला समोर बसवून खायला घातली. टांगा गेला तेव्हा ती कमानीत उभी होती.

वर खोलीत आल्यावर आण्णा चिडले. "सांगितलं का न्हाई त्याला? तो आपला न्हवं म्हनून?"

"रडत हुतं लेकरू. त्याला काय सांगू?"

"आन् ज्याचा हाय त्यानला कोन सांगंल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा एकटेच इस्पितळात गेले. परत आले तेव्हा त्यांचं तोंड पार उतरलं होतं. पलटणीत त्याच आडनावाचे दोघं होते. हा जवान लढाईच्या तोंडावर बदलून आलेला, त्याला एकच ठाऊक होता. आमचा दादा त्यानं कधी पाहिलाच नव्हता. त्या दुसऱ्याचं घर सांगली भागात होतं. त्यांना बातमी केव्हाच पोचली होती, दिवसही झाले होते.

"मंग आपला?" आईनं विचारलं.

आण्णांनी पिशवी भरायला घेतली. खाली वऱ्हाड निघालं होतं, वाजंत्री सुरू झाली होती. निघताना शेठजींनी विचारलं, "भेट झाली ना मास्तर? समाधान झालं?" आण्णा "व्हय" म्हणाले आणि त्यांनी हात जोडले.

नगरला जाताना आम्ही दादाचं मरण धरून चाललो होतो. येताना ते हातचं गेलं. लोक म्हणाले, बरं झालं, आशा राहिली. त्या आशेनं आमच्या घराची काय दशा केली ते त्यांना दिसत नव्हतं. आई दार लावून झोपेनाशी झाली. गल्लीत कुणाची चाहूल लागली की हातातलं काम टाकून उठायची. कैदी सुटून आले, त्यांत दादा नव्हता. पुढं सरकारनं त्याला मृत धरल्याचं कळवलं, पण तिनं त्याचे दिवस घालू दिले नाहीत. आण्णांनी एकदा विषय काढला, तेव्हा ती दोन वेळा जेवली नाही. मग त्यांनी तो पुन्हा काढला नाही, आणि काही वर्षांनी तेच गेले.

माझं लग्न झाल्यावर एकदा मी माहेरी आले होते. आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. कसलाच विषय नसताना म्हणाली, "सांगलीच्या त्या बाईचं बरं हाय."

मला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, "आई, तिचा मुलगा गेला."

"गेला, पर मांडीवर गेला कुनाच्या तरी," ती म्हणाली, आणि शेंगा फोडत राहिली.