सासू सुनेच्याच गटात
स्केचपेनचा वास आला की मला धुळ्याकडच्या अंगणवाडी सेविका-मदतनिसांची मी घेतलेली ती कार्यशाळा आठवते बघा. खेळ मीच आखलेला, स्केचपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या उचलून गट पाडायचे आणि प्रत्येकीने कामातली अडचण सांगायची. नेमक्या एकाच गटात सेविका सून आणि तिच्या हाताखालची मदतनीस, तिचीच सासू. सुनेचा नंबर आला तशी ती सासूकडे बघत पदर चाचपू लागली. तेवढ्यात सासू उठली, मला "अक्का, मी पानी पी येस," म्हणत बाहेर गेली. मग सून हळूच बोलली, "सासूले काम कसं सांगू?" खिडकीबाहेरून आवाज आला, "सांग ना माय, मी काय तुले खाई टाकसू?" सून म्हणाली, "मंग पहिले उन्हातून आत या!" सगळ्या हसल्या, पण अजूनही खेळ घेताना माझं अर्धं लक्ष खिडकीबाहेर कोण ऐकतंय याकडेच असतं.