अर्जातले अप्पा

‘स्वतःची ओळख कल्पकतेने करून द्या’ असलं काही वाचलं की आजही माझ्या तोंडाची चव जाते. ऐंशीच्या आसपास पुण्यातल्या एका मॅनेजमेंटच्या संस्थेच्या अर्जात हाच प्रश्न होता. उत्तर इंग्रजीत, एका पानात. मी नुकतीच बी.कॉम. झाले होते आणि काळेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांतून थेट त्या संस्थेत जायचं, असं मनाशी पक्कं केलं होतं.

मी माझ्या अकलेनं पान लिहिलं. माझे वडील, म्हणजे अप्पा, पिंपरीच्या एका कंपनीत प्रेसशॉपला, पत्रा दाबायच्या मशिनीवर होते. तिथल्या कामगारांच्या ग्राहक भांडारात मी सुट्टीत बसायचे. रॉकेल आलं की तिथं हमखास हाणामारी, कारण सेकंड शिफ्टवाले येईपर्यंत पिंप रिकामं झालेलं असायचं. मी प्रत्येक शिफ्टचा वाटा आधीच वेगळा काढून ठेवायला लावला आणि भांडणं बंद झाली. हे मी लिहिलं. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे.

पण अप्पांचा शिकलेल्या माणसांवर फार विश्वास. ते मला कंपनीतल्या पर्सोनेलच्या, म्हणजे कामगारांची भरती बघणाऱ्या साहेबांकडे घेऊन गेले. साहेबांचा प्राधिकरणाच्या नव्या वसाहतीत बंगला होता, आणि कामगारांच्या मुलांना वर आणायची त्यांना भारी हौस. त्यांनी पान वाचलं आणि नाक मुरडलं.

“रॉकेल? अगं, हे कोण वाचणार? तुम्हा लोकांकडे तर गोष्टींचा खजिना असतो. तो सोडून रॉकेल काय विकत बसलीस?”

तुम्हा लोकांकडे! हे म्हणताना ते इतकं गोड हसले की मी त्यांच्याकडचा चहा अर्धाच ठेवला.

चार दिवसांनी त्यांनी स्वतः लिहून, ऑफिसात टाइप करून घेतलेलं पान माझ्या हातात आलं. त्यात एक अनवाणी बाप होता, त्याच्या अंगावर चिंध्या होत्या, घरात पाण्यात कालवलेली भाकरी होती, तीही एक दिवसाआड, आणि मी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करत होते. आमच्या गल्लीत दिव्याचा खांबच नव्हता. वीज होती ती घरात. आणि अप्पा? ते शिफ्ट सुटली की कोपरापर्यंत हात साबणानं घासून, इस्त्रीचा शर्ट चढवून मगच गेटबाहेर पडायचे. आमच्या भिंतीवर हातात राज्यघटना धरलेला कोट-टायमधला जो फोटो होता, त्याच्यासमोर चुरगळलेल्या कपड्यांत बसायची आम्हा भावंडांना बंदी होती. संपाच्या दिवसांत दुसऱ्याच्या मळ्यात खुरपणी करून त्यांनी आमची ताटं भरली होती. साहेबांनी त्याच माणसाला एका पानात भिकारी करून टाकलं होतं.

मी ते सगळं अप्पांना मराठीत सांगितलं. वाटलं, चिडतील, कागद फाडतील. त्यांनी कागदाची नीट घडी घातली.

“ऱ्हाऊ दे तसंच,” ते म्हणाले. “कागदावर उपाशी ऱ्हायल्यानं आपलं पोट काय रिकामं हुतंय? सायबास्नी ठावं, तिथं काय लागतं ते.”

त्यांच्या शब्दाखातर मी सही केली. त्या सहीची मला शिसारी आली होती.

मुलाखतीला पालकांनाही बोलावलं होतं. निघायच्या वेळी आई इस्त्रीचा शर्ट हातात धरून उभी होती आणि अप्पा आतल्या खोलीतून मशिनीला तेल द्यायच्या वेळी घालायचा सदरा घालून बाहेर आले. खांद्यावर उसवलेला, पोटावर काळे डाग. पायात काही नाही.

“अप्पा, हे काय?”

“कागदावर तसंच लिवलंय न्हवं? मंग तसंच दिसाया नगं?”

मी भांडले, आई रडली. ते ऐकेनात. बसमध्ये बाकड्यावर जागा असून ते उभे राहिले, कोणाला डाग लागू नयेत म्हणून.

आत तिघं जण बसले होते. त्यांनी आधी सदऱ्याकडे पाहिलं, मग पायांकडे, मग समोरच्या पानाकडे, आणि सगळं जुळल्यासारखे तिघंही खूश झाले. अप्पांना बसा असं कुणी म्हणालं नाही. मधल्यानं विचारलं, “पोरं लहान असताना रोज जेवण मिळायचं का हो?”

अप्पांनी हात जोडले. माझ्या बापानं कुणापुढे हात जोडलेले मी तोवर पाहिले नव्हते.

“कदी मिळायचं सायेब, कदी न्हाई.”

मी उठलेच. म्हटलं, “हे खोटं आहे. मी एक दिवससुद्धा उपाशी राहिलेले नाही. हा मशिनीवर घालायचा सदरा आहे, ते रोज इस्त्रीचे कपडे घालतात. माझ्या ॲडमिशनसाठी ते तुमच्यापुढे असे उभे आहेत.”

मग मधला माणूस तोंडभर हसला. शेजारच्याला इंग्रजीत म्हणाला, “ओरिजिनल! आधी बाप उभा करायचा, मग त्यालाच खोटं पाडायचं. असं अजून कुणी केलं नव्हतं.” त्यांना ती माझी कल्पकता वाटली होती. तिघांनीही माना डोलावत मार्क मांडले. प्रवेश मिळणार हे मला तिथंच कळलं, आणि मिळाला तरी मी इथं पाय ठेवणार नाही, हेही.

बाहेर व्हरांड्यात अप्पांनी माझा हात धरला. त्यांचा चेहरा पडला होता.

“पोरी, माझं बोलनं कुटं कमी पडलं का गं? सकाळधरनं घोकत हुतो.”