तांब्याच्या नळीतली ऊब

परदेशी शिकायला जाण्याआधी मी आईला कॉलेजची प्रयोगशाळा दाखवायला आणलं. दोन्ही तोंडं बंद असलेल्या तांब्याच्या नळीचं एक टोक गरम पाण्यात बुडवून दुसरं तिच्या हातात दिलं.

"तापलं का गं?"

"नाही रे."

खाणावळीच्या भाकऱ्या करून तिचे तळवे निबर झालेत. त्याच भाकऱ्यांवर मी शिकलो. मग तिनं उलटा हात लावला, लहानपणी माझा ताप बघायची तसा.

"पोचली की ऊब इथवर."

मी सांगितलं, हवा काढून नळीत बंद केलेलं थोडंसं पाणी गरम टोकाला वाफ होऊन ऊब पलीकडे नेतं, तिथं निवतं आणि नळीच्या आतल्या बारीक खाचांतून आपसूक मागे येतं. लांब गेलेल्या माणसांनाही मायेच्या अशाच खाचा मागे आणत असतील, असं बोलता बोलता वाटून गेलं.

"नक्की येतं ना परत?" आईनं विचारलं.

"येतं गं."

तिनं नळी बराच वेळ हातातच ठेवली.