जावळ काढलं त्या दिवशी

माझा धाकटा भाऊ हरवला तेव्हा तो तीन वर्षांचाही नव्हता आणि मी दहा वर्षांची होते. तो सापडला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारे लोक शेवटी तो सापडेल म्हणून माझ्या तोंडाकडे बघत बसतात आणि मला त्यांचा राग येतो. तो जिथं हरवला त्या गावाचं, देवाचं, माणसांचं नाव मी सांगणार नाही. त्या दिवशी तिथं होती ती सगळी माणसं गेली, मी तेवढी उरलेय.

लढाईचे दिवस होते. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, पलटणीत होते. ते रजा संपवून गेले तेव्हा भाऊ आईच्या पोटात होता. त्याच्या आधीचे दोन मुलगे वर्षाचे व्हायच्या आत गेले होते. म्हणून आईनं कुळदैवताला नवस बोलला, हा जगला तर याचं जावळ तुझ्या दारात काढीन, आणि तोवर याला मुलीसारखा वाढवीन. मुलगा आहे हे कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून. देवाला इतकंही कळत नसेल का, असं मी एकदा विचारलं आणि पाठीत धपाटा खाल्ला. तर भावाचे केस खांद्याच्या खाली आले होते. मी रोज सकाळी त्याच्या दोन वेण्या घालायची. अंगात हिरवं परकर-पोलकं. आमच्या आळीत नवीन आलेल्या बायका त्याला मुलगीच समजायच्या आणि आम्हीही समजू द्यायचो.

तिसरं सरायच्या आत जावळ निघायला हवं होतं. म्हणून त्या पौषात मामा सांगलीकडून गाडी घेऊन आला, मामीही आली, आणि आम्ही कडेगावच्या अंगानं निघून दुसऱ्या दिवशी जत्रेला पोचलो. नदीकाठच्या आमराईत गाड्यांचा तळ पडायचा. ज्या त्या गावाची झाडं ठरलेली. बैल सोडायचे, गाडीला टेकण द्यायचं, तीन दगडांची चूल मांडायची आणि तीन दिवस तिथंच राहायचं. दोन-अडीचशे गाड्या तरी असतील. धूर, शेण, पोरांची रडारड आणि पुरणाचा वास, सगळं एकत्र.

तळावर पोचलो त्याच सकाळी आईला कावळा शिवला.

आता झाली ना पंचाईत. घरी असतं तर चार दिवस पुढं ढकललं असतं. इथं जत्रा तीन दिवसांची, आणि पुढच्या जत्रेला पोराचं चौथं लागलेलं असणार. मामी म्हणाली, "आता वं काय करायचं?" आईच म्हणाली, "काढा. माझ्यापायी थांबू नगा. मामाची मांडी हाय, तेवढी बास." आणि ती घोंगडं घेऊन तळाच्या कडेला, बांधावरच्या बाभळीखाली जाऊन बसली. देवळाकडं तोंड नको म्हणून आमच्याकडं पाठ करून बसली. कुणी अन्न नेऊन लांबून ठेवायचं, शिवायचं नाही. भावाला सकाळपासून आईजवळ जाऊ दिलं नव्हतं, त्यामुळे तो आधीच किरकिरत होता.

न्हावी आला. मामानं भावाला मांडीवर घट्ट धरलं. पहिली वेणी कापली तसा भावानं जो सूर लावला तो शेवटपर्यंत. केस मी नव्या फडक्यात झेलत होते. डोकं गुळगुळीत झालं, मामीनं त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, परकर-पोलकं काढून पांढरा सदरा घातला आणि वर तांबडी टोपी. मी हसले. खरंच हसले, कारण तो कुणी वेगळाच दिसत होता. तो मला मारायला धावला.

मग मामा नैवेद्याच्या रांगेत नंबर धरायला देवळाकडं गेला. मामीला पुरणाची घाई. ती मला म्हणाली, "ह्याला बघ. आनि निवद दावस्तोवर आईला शिवू देऊ नगंस, न्हाईतर सगळं पुन्यांदा करावं लागंल." थोड्या वेळानं तिलाच आठवलं की केस नदीत सोडायचे राहिले. "जा, सोडून ये पटदिशी." भाऊ म्हणाला, "मी आईकडं." मी म्हणाले, "आईला शिवायचं न्हाई. तिच्याजवळ गेलास तर देव बाप्पा कान कापंल." त्याला गाडीच्या चाकाशी बसवलं, हातात गुळाचा खडा दिला आणि मामीला सांगितलं, इथं बसलाय बघा. मामीनं मान न वळवता "व्हय" म्हटलं.

नदी दीडशे पावलांवर. केस सोडले आणि परत यायला हवं होतं. खोटं कशाला सांगू, वाटेत कासाराच्या दुकानाशी थांबले. हिरव्या-पिवळ्या बांगड्या मांडल्या होत्या. किती वेळ थांबले ते मला आजही सांगता येत नाही, आणि त्या वेळेचा हिशेब मी जन्मभर करत आलेय. परत आले तर चाकाशी गुळाला मुंग्या लागलेल्या आणि भाऊ नाही.

मामीला विचारलं. ती म्हणाली, "आत्ता तर हितं हुता." शेजारच्या गाड्यांखाली बघितलं. बैलांच्या मागं बघितलं. आईच्या बाभळीकडं मी लांबूनच नजर टाकली, ती एकटीच पाठ करून बसलेली. तिला काय सांगायचं या भीतीनं मी तिच्याकडं गेलेच नाही. पळत सुटले. वाटेत हलगीवाला भेटला, त्या जत्रेत हरवलं-सापडलं तोच पुकारायचा. त्यानं विचारलं, "पोरी, कसं हाय पोर? ध्यान काय?"

आणि मी म्हणाले, "दोन येण्या, लांब केस, हिरवं परकर-पोलकं."

माझ्याच हातांनी मी ते केस नुकतेच पाण्यात सोडले होते. पण तोंडातून रोजचाच भाऊ बाहेर पडला. मुद्दाम केलं असं कुणी म्हणालं नाही, मामानंही नाही, पण मला कुणी एक कानफटात मारली असती तर बरं झालं असतं असं मला कित्येक वर्षं वाटायचं.

हलगीवाल्यानं सगळ्या तळावर पुकारलं, हिरव्या परकराचं पोर, दोन येण्या. मामी तोवर भावाला हाका मारत नदीकडं पळाली होती, पुकारा काय चाललाय ते तिनं ऐकलंच नाही. लोक भले होते. बायका चुली सोडून उठल्या, माणसं ओढ्याकाठानं गेली, दोघे विहिरीत उतरले. हिरव्या परकरातल्या तीन मुली माझ्यापुढं आणून उभ्या केल्या, तरी माझी चूक माझ्या ध्यानात आली नाही. आणि टोपी घातलेलं एखादं मुंडण केलेलं पोर कुणाच्या बोटाला धरून समोरून गेलं असेल, तर त्याच्याकडं कुणी बघितलंही नसेल. जावळं काढलेली पोरं त्या दिवशी पन्नास तरी होती. दुपार कलायला लागली तशा जवळच्या गावांच्या, एका दिवसापुरत्या आलेल्या गाड्या जुंपून निघायला लागल्या. त्यांनाही अडवून विचारलं, परकरातली पोरगी दिसली का. न्हाई म्हणाले आणि गेले.

मामा देवळातून आला तेव्हा पुकारा त्याच्या कानावर पडला. आधी त्याला कळलंच नाही की हे आपलं पोर. मग मामी रडत सामोरी गेली तेव्हा तो हलगीवाल्याकडं धावला. म्हणाला, "परकर कुठला? जावळ काढलं की त्याचं. टोपी हाय त्याच्या डोसक्याला, तांबडी." हलगी पुन्हा वाजली. पण तोवर निम्मा तळ रिकामा झाला होता.

हे तांबड्या टोपीचं ऐकून आई उठली. सकाळपासून पहिल्यांदा उठली. तोवर तिला एवढंच कळलं होतं की कुणाची तरी पोरगी हरवलीय. ती बांधावरून चालत आमच्याकडं आली आणि कुणाला शिवेल, कुणाला नाही, याचं भान न ठेवता मामाचा दंड धरला.

"टोपी? कवाची?"

"जावळ काढल्यावर घातली, आक्का. आपलं पोर सापडंना."

आईनं बाभळीकडं वळून बघितलं. मग म्हणाली, "मघाशी एक पोर आलतं माझ्या मागनं. पावलं वाजली. मी डोळ्याच्या कडंनं बगितलं तर तांबडं कायतरी दिसलं. मला वाटलं दुसऱ्याचं. म्हनलं, लांब हो बाळा, मला शिवू नगंस."

"मंग?"

"मंग गेलं की ते. लांब झालं."

ते आमचंच पोर होतं की दुसऱ्या कुणाचं, हे कधी कळलं नाही. आईला मात्र शंका नव्हती. ती बाभळीपासून कुठल्या बाजूला गेलं असेल ते शोधत बांधानं, उसातनं, नदीच्या रेतीतनं अंधार पडेपर्यंत फिरली. पायांना कापलेलं तिला सकाळी दिसलं. तिसऱ्या दिवशी तळ उठला तरी आम्ही आठ दिवस तिथंच राहिलो. शेजारच्या माळावर उतरलेल्या फिरस्त्यांची पालं लोकांनी उलटीपालटी केली. एकाला मारलं. सापडलं काहीच नाही, त्यांचीच पोरं भिऊन रडायला लागली. पोलिसांत वर्दी दिली, पण ते दिवस असे की साताऱ्याकडचे पोलीस भूमिगतांच्या मागं होते. तीन वर्षांच्या पोराला कोण विचारतो? नदीत काही मिळालं नाही, विहिरीत नाही, उसात नाही.

आबांना पत्र कुणी लिहायचं यावर घरात आठ दिवस वाद झाला. शेवटी लिहिलंच नाही. लढाई संपली, सालभरानं ते आले. दारात पेटी ठेवली आणि पहिलं विचारलं, पोरगा कुठाय. मामा आला होता, त्यानं सांगितलं. आबा ऐकून घेत होते. आईला ते एक शब्द बोलले नाहीत, मलाही नाही. मी माजघरात दाराआड उभी राहून मार खायची वाट बघत होते.

मार नाही मिळाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गोठ्यात बोलावलं आणि जवळ बसवून विचारलं, "कसा दिसत हुता गं?" मी म्हणाले, दोन वेण्या, गोरटेला. ते म्हणाले, "तसं न्हाई. शेवटी कसा दिसत हुता? केस गेल्यावर?" आईनं तो चेहरा बघितलाच नव्हता. मामाच्या मांडीवर भाऊ पाठमोरा होता, मामीनं टोपी घातली तीही पुरणाच्या घाईत. नीट बघणारी मी एकटी, आणि मला आठवेना. डोळे मिटले की वेण्याच दिसायच्या. आबा माझ्या तोंडाकडं बघत होते, त्यांना काहीतरी द्यायलाच हवं होतं. मी म्हणाले, "उजव्या कानामागं तीळ हाय. केसात झाकलेला हुता. जावळ काढलं तवा दिसला."

असा तीळ नव्हता.

आबांचा चेहरा उजळला. त्या दिवसापासून ते दर जत्रेला जायला लागले. बाजाराला सांगलीत गेले की माधवनगरच्या गिरणीपर्यंत चालत जायचे, सुट्टीच्या वेळी बापाला न्यायला आलेली कामगारांची पोरं बघायला. चार-सहा वर्षांचा पोरगा दिसला की गोड बोलून जवळ घ्यायचे, टोपी काढायचे, कान वाकवून बघायचे. एका गावात पोर पळवणारा म्हणून त्यांना धरून चोपलं. दात पडून घरी आले आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा गेले. आई काही बोलायची नाही. मी पंधराची होईतो हे बघितलं.

माझं लग्न ठरलं. हळदीच्या आधल्या दिवशी संध्याकाळी ते गोठ्यात वैरण टाकत होते, तिथं गेले आणि एका दमात सांगून टाकलं, "आबा, तिळाचं मी खोटं सांगितलं. तीळ नव्हता. मला आठवत नव्हतं." आणि रडायला लागले.

त्यांनी हातातली पेंढी सोडून नीट टाकली. म्हणाले, "ठाऊक हाय. तुझ्या आईला त्याच रात्री इचारलं हुतं. तिनं त्याला न्हाऊ घातलंय, तिला म्हाईत न्हाई व्हय?"

"मग कशाला बघत फिरता वं? मार कशाला खाल्ला?"

त्यांनी गाईच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मी त्याला कवा बगितलंच न्हाई, पोरी. कुठलंबी त्या वयाचं पोर बगितलं की मला ते माजंच वाटतं. जीव तुटतो, हात सोडवंना. तीळ शोधायचा म्हनलं की बरं पडतं. न्हाई दिसला, की सोडता येतं."