कवळी वांगी आणि मामांची शंका

आदिलाबाद जिल्ह्यात खरं बोलणारे पुष्कळ असतील. पण खरं बोलून झाल्यावर त्यावर आपला स्वतःचाच विश्वास नाही, हेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगणारा माणूस एकच झाला, आणि तो माझ्या आईचा चुलत भाऊ होता. मावल्याला त्यांचा भाजीचा मळा होता. वांगी मामी तोडायची आणि बाजारात मामा बसायचे. गिऱ्हाईक वांगं दाबून विचारी, "कवळी हायेत ना?" मामा म्हणत, "कवळी हायेत. पन मले तसं वाटत नाही." गिऱ्हाईकाचा हात वांग्यावरच अडकून राही. मग मामा शांतपणे उलगडून सांगत, "कवळी हायेत असं तुमची वैनी म्हनते. तिनं तोडली, तिले ठाऊक. मी मात्र सकायपासून शंका घेऊन राह्यलो. दोनी गोष्टी सांगितल्या. लपवू काऊन?" लोक डोकं खाजवत वांगी घेऊन जात, बहुधा घरी जाऊन विचार करू म्हणून.

स्वतःच्या डोक्यावरही त्यांची अशीच पाळत असे. एकदा जेवताना घास हातात धरून म्हणाले, "मी जे जे खरं मानतो ते सारंच खरं असल, असं नाही. चार-दोन गोष्टी तरी चुकीच्या असतीलच. पन कोनत्या, ते समजलं असतं तर त्या मानल्याच नसत्या ना!"

मामी भाकर वाढता वाढता म्हणाली, "मले इचारा. येका दमात सांगते."

"तुले ठाऊक हाये, हे मी मानतो," मामा म्हणाले, "पन तेबी त्या चार-दोनातलंच असल तर?" मामीनं भाकर परत टोपलीत ठेवली.

अशा माणसाला माझ्या लग्नाच्या बोलणीत बसवायची अवदसा आईला आठवली. उटनूरहून मुलीचे वडील आले होते. शाळामास्तर, मोजकं बोलणारे. घरच्यांनी केलेली माझी स्तुती मुकाट्यानं ऐकून घेतल्यावर ते नेमके मामांकडे वळले.

"तुमी सांगा. पोरगा कसा हाये?"

"चांगला हाये," मामा म्हणाले. आईनं सुस्कारा सोडला. तो पुरा व्हायच्या आत मामा म्हणाले, "पन मले तसं वाटत नाही."

आईच्या हातातली बशी खाली पडली. मास्तर टोपी चाचपत उठू लागले, तसे मामा गडबडले. "अहो, बसा ना! चांगला हाये हे सारं गाव सांगते. गाव काऊन खोटं बोलल? मले वाटत नाही, कारन त्यानं माही सायकल नेली अन् चाक वाकडं करून आनली. आता येका चाकापायी गाव खोटं ठरते का?"

मास्तर पहिल्यांदाच हसले. "ज्या घरात असा मानूस हाये, तिथं माह्या पोरीपासून काही लपून राहनार नाही," ते म्हणाले. लग्न ठरलं. आई मात्र अक्षता पडेपर्यंत मामांशी बोलली नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी मामांचं हृदयाचं ऑपरेशन करायचं ठरलं. सहीचा कागद पुढे आला तेव्हा ते नर्सला म्हणाले, "वाचलं. समजलं. पटायले थोडा टाइम लागल." ती बिचारी पेन धरून उभीच राहिली. अखेर सही झाली आणि त्यांना आत न्यायची वेळ आली. मी खाटेपाशी गेलो.

"काऊन रे, मी बरा होईन का?"

"व्हाल ना, मामा."

"तुले तसं वाटते का?"

मला तसं मुळीच वाटत नव्हतं. आशा फार थोडी आहे, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. दुसऱ्या कोणाला थाप मारताना माझी जीभ कधी अडली नव्हती; या माणसाच्या डोळ्यांत बघून ते जमेना.

"वाटते," मी म्हणालो, आणि सलाईनच्या बाटलीकडे पाहू लागलो.

मामा बरे झाले. आणखी दोन उन्हाळे बाजारात बसले. त्या दिवशी मी खोटं बोललो, हे त्यांना सांगायचं मी अनेकदा ठरवलं. पण ते खोटंच खरं ठरून समोर बसलेलं पाहिलं की वाटे, राहू दे, सांगू कधीतरी. गेल्या पौषात, दुपारी अंगणात बसल्या बसल्याच ते गेले. सांगायचं राहिलंच.

त्यांना तेव्हाच कळलं असावं. धीर द्यायला मी गेलो होतो, आणि हात मात्र त्यांनी माझा थोपटला होता.